टँगो : पायांना व्यायाम, मनाला माणसे

आमच्यासारख्या कौटुंबिक डॉक्टरांकडे एक तक्रार अशी येते, की जिच्यावर औषधाच्या दुकानात गोळी मिळत नाही. रुग्ण सांगतो, झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, छातीत उगीच धडधडते. रक्तदाब पाहावा तर ठीक, साखर ठीक, कार्डिओग्रामही ठीक. मग थोडा वेळ काढून घरची विचारपूस केली की उलगडा होतो. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असतात, जोडीदार दोन वर्षांपूर्वी गेलेला असतो आणि दूधवाला व कामवाली बाई सोडली तर दिवसभरात कोणाशी चार शब्द बोलणे होत नाही. या आजाराचे नाव एकटेपणा.

एकटेपणाला आजार म्हणावे का, अशी शंका काही वाचकांना येईल. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२३ मध्ये या प्रश्नासाठी खास आयोग नेमला. या आयोगाच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध लावता येतो. त्याआधी २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी १४८ अभ्यासांचा आणि तीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा एकत्रित आढावा घेतला होता. ज्यांची माणसांशी नाती घट्ट होती, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. तंबाखू सोडा, मीठ कमी करा हे आम्ही डॉक्टर जितक्या आग्रहाने सांगतो, तितक्याच आग्रहाने ‘माणसांत राहा’ हेही सांगायला हवे.

पण ‘माणसांत राहा’ हे सांगायला सोपे. सत्तरीच्या विधुर गृहस्थाने उठून नेमके कोणाच्या दारात जायचे? जाऊन बोलायचे काय? समोरच्याने तोंड फिरवले तर? माणसांत मिसळण्यासाठी काही निमित्त लागते. ठरलेला वार लागतो, ठरलेली जागा लागते, आणि अनोळखी माणसाशी कसे वागावे याची सर्वांना ठाऊक असलेली रीत लागते. दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना आणि उरुग्वे या देशांतल्या लोकांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे सारे एका नाचाभोवती जमवून आणले. त्या नाचाचे नाव टँगो.

घर सोडून आलेल्यांचा नाच

टँगो म्हटले की आपल्यापुढे सिनेमातले दृश्य उभे राहते. लाल झगा, ओठांत गुलाबाचे फूल, एकमेकांना झटके देत फिरणारे जोडपे. हा रंगमंचावरचा टँगो. लोक आपसांत जो नाचतात तो पुष्कळ साधा असतो. दोन माणसे एकमेकांना सौम्य आलिंगन देऊन संगीताच्या ठेक्यावर चालतात. टँगोचा पाया चालणे हाच आहे.

या नाचाचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्यूनोस आयर्स आणि मोंटेव्हिडिओ या दोन बंदरांत झाला. त्या काळी इटली, स्पेन आणि पूर्व युरोपातून लक्षावधी माणसे पोटासाठी या किनाऱ्यावर उतरत होती. १९१४ च्या जनगणनेत ब्यूनोस आयर्स शहरातील निम्म्याच्या आसपास रहिवासी परदेशात जन्मलेले होते. या माणसांची वस्ती ‘कोंवेंतिशो’ नावाच्या दाटीच्या वाड्यांत असे. एका खोलीत एक बिऱ्हाड, मधले अंगण सामाईक, नळ सामाईक. गिरणगावच्या चाळीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की तिथे शेजारच्या खोलीतल्या माणसाची भाषाही आपली नसे.

अशा अंगणांत आणि बंदराकाठच्या गुत्त्यांत निरनिराळ्या मुलखांचे सूर एकमेकांत मिसळले. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांचा कांदोंबे हा ढोलांचा ठेका त्यात होता, क्यूबाहून आलेली आबानेरा ही लय होती आणि गावाकडच्या गुराख्यांची गाणी होती. पुढे त्यात बांदोनिऑन हे भात्याचे वाद्य आले. ते मूळचे जर्मनीचे. आपल्या हार्मोनियमसारखेच तेही भात्याच्या हवेवर वाजते, मात्र ते मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी ताणत-मिटत वाजवतात. आलेल्यांत एकटे पुरुष फार आणि बायका थोड्या. त्यामुळे पुरुष आधी आपसांतच सराव करीत. नाच चांगला येत नसेल तर कोणी बाई आपल्याबरोबर उभी राहणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

शहरातील प्रतिष्ठित घराण्यांनी सुरुवातीला या नाचाला नाक मुरडले. पण १९१३ च्या सुमारास पॅरिसला टँगोचे वेड लागले आणि परदेशातून शिक्कामोर्तब होऊन आल्यावर तो घरच्या दिवाणखान्यातही मान्य झाला. साधारण १९३५ ते १९५५ हा टँगोचा सुवर्णकाळ मानतात. हुआन दारिएंसो, कार्लोस दि सार्ली, आनिबाल त्रोइलो, ओस्वाल्दो पुग्लिएसे यांचे वाद्यवृंद तेव्हा गाजत होते आणि मोहल्ल्या-मोहल्ल्यातील क्रीडामंडळांत सबंध कुटुंबे नाचायला येत. १९५५ च्या लष्करी उठावानंतर आणि पुढे रॉक संगीताच्या लाटेत टँगो मागे पडला. १९७६ ते १९८३ ही लष्करी राजवटीची वर्षे तर माणसांनी एकत्र जमण्यालाच प्रतिकूल होती.

१९८३ साली ‘टँगो अर्जेंटिनो’ हा रंगमंचीय कार्यक्रम पॅरिसमध्ये सादर झाला, १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेला, आणि जगभर पुन्हा कुतूहल जागे झाले. मग तरुण पिढी शिकायला निघाली, पण शिकवणार कोण? ज्यांनी तरुणपणी, चाळीसच्या दशकात, हा नाच केला होता ते आता म्हातारे झाले होते. तरुण त्यांच्याकडे गेले. घरात कोपऱ्यात बसलेल्या आजोबांच्या अंगात एक विद्या होती आणि ती घ्यायला देशोदेशीची मुले दारात उभी राहिली. म्हातारपणी आपली कोणाला तरी गरज आहे, ही भावना प्रकृतीला किती मानवते हे मी वाचकांना वेगळे सांगायला नको. २००९ साली युनेस्कोने अर्जेंटिना आणि उरुग्वे यांचा सामाईक सांस्कृतिक ठेवा म्हणून टँगोची नोंद केली.

मिलोंगाची रीत

टँगो नाचण्यासाठी लोक जमतात त्या मेळाव्याला ‘मिलोंगा’ म्हणतात. ब्यूनोस आयर्समध्ये कुठल्याही वारी कुठे ना कुठे मिलोंगा भरलेली असते. जुन्या दिवाणखान्यांत भरते, क्रीडामंडळांत भरते. सुंदरलँड हे त्या शहरातील नावाजलेले मंडळ, आणि त्याची मिलोंगा गाजली ती बास्केटबॉलच्या मैदानावर. मिलोंगाला वयाची अट नसते. पंचविशीतली मुलगी ऐंशीच्या आजोबांबरोबर नाचताना दिसते आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही.

माझ्या मते या मेळाव्याचे खरे मर्म त्याच्या नियमांत आहे, म्हणून ते जरा तपशिलाने सांगते.

पहिला नियम आमंत्रणाचा. जवळ जाऊन, हात पुढे करून ‘चला नाचू’ असे कोणी म्हणत नाही. माणूस लांबूनच पाहतो. समोरच्या व्यक्तीने नजरेला नजर दिली तर तो हलकेच मान झुकवतो. तिनेही मान हलवली तर होकार. नाचायचे नसेल तर ती नुसती दुसरीकडे पाहते. या पद्धतीला ‘काबेसेओ’ म्हणतात. नकार मिळाला तरी तो चारचौघांत उघड होत नाही, कोणाचा पाणउतारा होत नाही, आणि भीड पडली म्हणून कोणाला मनाविरुद्ध उठावेही लागत नाही. लाजाळू माणसाला माणसांत यायला याहून सोयीची रीत सुचवणे कठीण.

दुसरा नियम वेळेचा. संगीत तीन-चार गाण्यांच्या गुच्छात वाजते. या गुच्छाला ‘तांदा’ म्हणतात. एक तांदा साधारण दहा-बारा मिनिटांचा. जोडीने तेवढा वेळ एकत्र नाचायचे. तांदा संपला की ‘कोर्तिना’ म्हणजे पडदा येतो. अर्धा-पाऊण मिनिट भलतेच काही संगीत वाजते, पुरुष स्त्रीला तिच्या खुर्चीपर्यंत सोडतो आणि सर्वजण आपापल्या जागी परततात. पुढच्या तांद्याला नवी जोडी. त्यामुळे कोणी कोणाला अडकून पडत नाही, आणि एका संध्याकाळी पाच-सात निरनिराळ्या माणसांचा सहवास घडतो.

तिसरा नियम दिशेचा. सर्व जोड्या मैदानाच्या कडेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या विरुद्ध दिशेने फिरतात. पुढच्या जोडीला ओलांडून जायचे नाही, मागच्या जोडीला खोळंबून ठेवायचे नाही. आपल्या जोडीदाराबरोबरच सबंध मैदानाचे भान ठेवावे लागते.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. नवे गाणे सुरू झाले तरी जोड्या लगेच नाचू लागत नाहीत. पहिली वीस-तीस सेकंदे उभ्या-उभ्याच गप्पा चालतात. कुठून आलात, गुडघा कसा आहे, नातवाची परीक्षा झाली का. मग कोणीतरी हात वर करतो आणि नाच सुरू होतो. ज्याचा वाढदिवस असेल त्याला मैदानाच्या मध्यभागी आणतात आणि एका गाण्यात एकामागून एक अनेकजण येऊन त्याच्याबरोबर थोडे-थोडे नाचतात. वर्षाकाठी एकदा का होईना, सगळ्या मंडळींनी आपल्याला हात द्यावा, हे सुख थोडे नाही.

बागेतल्या मंडपात

एका वैद्यकीय परिषदेच्या निमित्ताने मी ब्यूनोस आयर्सला गेले होते, तेव्हा एक रविवारची संध्याकाळ मोकळी मिळाली. बेल्ग्रानो भागात बार्रांकास नावाची चढ-उताराची बाग आहे. तिथे बँड वाजवण्यासाठी बांधलेला एक गोल मंडप आहे, त्याला ‘ला ग्लोरिएता’ म्हणतात. या मंडपात उघड्यावर मिलोंगा भरते. आधी नवशिक्यांचा वर्ग असतो आणि मग सर्वांचा नाच. माझ्याबरोबर दुभाषी म्हणून परिषदेतील एक परिचारिका आली होती.

तिने आग्रह केला म्हणून मी नवशिक्यांच्या वर्गात उभी राहिले. अर्धा तास आम्हाला फक्त चालायला शिकवले. शरीराचा सर्व भार एका पायावर घ्यायचा, तो तिथे स्थिर झाल्याशिवाय दुसरा पाय टाकायचा नाही. पुढे चालणे जमले की मागे चालायचे. साठीनंतर माणूस मागे पाऊल टाकायला किती घाबरतो हे मी दवाखान्यात रोज पाहते. तिथे समोरच्याच्या छातीच्या हलक्या इशाऱ्यावरून मागे जायचे होते आणि आधाराला त्याचे हात होते. दहा मिनिटांत सगळे लक्ष पावलांवर गेले, आणि मनातले उद्याच्या विमानाचे वेळापत्रक कधी गळून पडले ते समजले नाही.

वर्गानंतर कट्ट्यावर बसले असताना शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांशी बोलणे झाले. छापखान्यातून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. बायको गेल्यावर वर्षभर ते घराबाहेर पडले नव्हते. शेजाऱ्याने ओढून इथे आणले, तेव्हा तीन रविवार ते नुसते बसून राहिले. चौथ्या रविवारी एका बाईंनी दुरून मान हलवली. आता ते दर रविवारी येतात. मी डॉक्टर आहे हे कळल्यावर त्यांनी गुडघ्याविषयी विचारले आणि मग स्वतःच सांगितले, की मागच्या हिवाळ्यात ताप आला म्हणून ते एक रविवार आले नाहीत, तर सोमवारी सकाळी इथल्या तिघांचे फोन आले. त्यांतल्या दोघांचे आडनावही त्यांना माहीत नव्हते.

हे ऐकताना मला आमच्या गावातले काही रुग्ण आठवले. ताप आला तर दोन-दोन दिवस कोणाला कळत नाही, अशा घरांत ते राहतात. न दिसलेल्या माणसाची चौकशी करणारे कोणीतरी असणे, याला मी आरोग्यसेवेचाच भाग मानते.

शरीराला काय मिळते?

टँगोचा वेग बेताचा असतो. थकवा साधारण चालण्याच्या व्यायामाइतका येतो, पण चालण्यात नसलेल्या काही गोष्टी त्यात आहेत. एका पायावर तोल धरणे, मागे व बाजूला पाऊल टाकणे, वळणे, मध्येच थांबून पुन्हा निघणे. म्हातारपणी माणूस पडतो तो याच हालचालींत. पडण्याच्या अपघाताला आपण किरकोळ समजतो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार जगात वर्षाला ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण सर्वाधिक आहे. कॅनडातील माँट्रियल शहरात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात वृद्धांच्या एका गटाला दहा आठवडे टँगो शिकवला आणि दुसऱ्याला चालण्याचा व्यायाम दिला. फायदा दोघांनाही झाला, पण ‘मी पडणार नाही’ हा विश्वास वाढला तो टँगोच्या गटात.

मेंदूचाही यात व्यायाम आहे. टँगोत पावलांचा क्रम आधी ठरलेला नसतो. पुढचे पाऊल कोणते हे दर क्षणी ठरते. एकाने सुचवायचे, दुसऱ्याने ओळखायचे, दोघांनी संगीत ऐकायचे आणि आजूबाजूच्या जोड्या सांभाळायच्या. २००३ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरातील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शारीरिक छंदांपैकी एकट्या नृत्याचा स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी संबंध आढळला. यावरून नाचल्याने विसराळूपणा टळतोच असे सिद्ध होत नाही. ज्यांचा मेंदू तल्लख आहे तेच नाचायला जात असतील, हीही शक्यता उरते. तरीपण दुवा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मनाच्या बाबतीत ऑस्ट्रेलियात २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास उल्लेखनीय आहे. उदासीनतेने त्रस्त व्यक्तींपैकी काहींना सहा आठवडे टँगो आणि काहींना ध्यान शिकवले. उदासीनता दोन्ही गटांत कमी झाली. मनावरचा ताण मात्र टँगोच्या गटात स्पष्टपणे उतरला.

कंपवाताच्या रुग्णांना दिलासा

टँगोवर सर्वाधिक वैद्यकीय संशोधन झाले आहे ते कंपवात, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराबाबत. या आजारात हात थरथरतात हे सर्वांना माहीत असते. पण रुग्णाला अधिक छळते ते चालणे. पावले आखूड पडतात, वळताना तोल जातो आणि कधी कधी दारातच पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. अशा वेळी बाहेरून ताल मिळाला तर खिळलेले पाऊल सुटते, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक आहे. टँगोत ताल आहे, आधाराला माणूस आहे, आणि थांबणे, निघणे, वळणे, मागे जाणे हा तर त्या नाचाचा रोजचा सराव.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात मॅडलिन हॅकनी आणि गॅमन अरहार्ट या दोघींनी यावर काम केले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५८ रुग्णांचे तीन गट होते. एक टँगो शिकणारा, दुसरा वॉल्ट्झ व फॉक्सट्रॉट हे जोडीनाच शिकणारा आणि तिसरा काहीच न शिकणारा. तेरा आठवड्यांत तासाभराचे वीस वर्ग झाले. नाचणाऱ्या दोन्ही गटांचा तोल व चालणे सुधारले, आणि टँगोचा लाभ दुसऱ्या नाचाइतका किंवा काही बाबतींत त्याहून अधिक होता. पुढे २०१२ साली ६२ रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे वर्ग इस्पितळात न भरवता वस्तीतच आठवड्यातून दोनदा भरवले होते. वर्षअखेरीस टँगोच्या गटात आजाराच्या लक्षणांची तीव्रता कमी भरली. नाच न करणाऱ्या गटात तसा फरक दिसला नाही. खुद्द ब्यूनोस आयर्समध्ये रामोस मेहिया या सार्वजनिक रुग्णालयात कंपवाताच्या रुग्णांसाठी टँगोचे वर्ग चालत आले आहेत.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. टँगोने कंपवात बरा होत नाही. गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात. त्याचा लाभही सराव चालू असेपर्यंतच धरून चालावे. पण जो रुग्ण लोकांसमोर हात थरथरतील या लाजेने घरात बसतो, तो आठवड्यातून दोनदा कपडे करून बाहेर पडतो आणि कोणीतरी त्याचा थरथरता हात हातात घेते, याचे मोल कुठल्याही मोजपट्टीवर पुरते येणार नाही.

तिथेही खुर्च्या रिकाम्या होत नाहीत

सगळेच गोड आहे असे मात्र नाही. मिलोंगात बायका बहुधा जास्त असतात आणि पुरुष कमी. त्यांतही तरुण, सुंदर आणि सफाईने नाचणाऱ्या स्त्रीकडे नजरा आधी वळतात. कोणीच न बोलावल्याने संध्याकाळभर बसून राहण्याला तिथे ‘प्लांचार’ म्हणजे ‘इस्त्री करणे’ असा खवचट शब्द आहे. एकटेपणा घालवायला यावे आणि गर्दीत एकटे बसून राहावे, हा अनुभव घरच्या एकटेपणाहून जिव्हारी लागतो. नकार झाकणारी रीत उपेक्षाही झाकून टाकते, हे मान्य करायला हवे.

यावर तेथील लोकांनीच उपाय शोधले आहेत. चांगला आयोजक पाहुण्यांना दारातच भेटतो, नवख्याला जुन्या माणसांशेजारी बसवतो. अलीकडे अनेक ठिकाणी स्त्रियाही आमंत्रण देतात, स्त्रिया स्त्रियांबरोबर आणि पुरुष पुरुषांबरोबर नाचतात, आणि पुढाकार कोणी घ्यायचा हे दोघे मिळून ठरवतात. आपसांत नाचून शिकणाऱ्या पहिल्या पिढीतील पुरुषांना यात काही वावगे वाटले नसते.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे ब्यूनोस आयर्सच्या मिलोंगा बंद झाल्या. आलिंगनावर उभा असलेला नाच त्या साथीत चालणे शक्यच नव्हते. निर्बंध सैल झाल्यावर त्या पुन्हा भरू लागल्या.

आपण काय घ्यावे?

पुण्या-मुंबईत अर्जेंटाइन टँगो शिकणारे छोटे गट आहेत. मोठ्या शहरात राहणाऱ्या आणि आवड असणाऱ्या वाचकांनी जरूर चौकशी करावी. पण आपल्यासारख्या गावात अनोळखी स्त्री-पुरुषांनी आलिंगन देऊन नाचावे, हे आज रुचणार नाही, आणि रुचलेच पाहिजे असा माझा आग्रहही नाही. टँगोची पावले घेता आली नाहीत तरी त्याच्या रिती घेता येतात.

आपल्याकडे साधने कमी नाहीत. मंगळागौरीला बायका फुगड्या, झिम्मा खेळतात, दिंडीत पावली खेळतात, शाळेत लेझीम होते. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. मुंबईतील एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये पाच माणसांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, तो पुढे देशोदेशी गेला. उणीव आहे ती नियमितपणाची आणि एकट्या माणसाला आत घेण्याच्या रीतीची. मंगळागौर श्रावणातच येते. आणि संघाच्या सभेत तीच चार माणसे त्याच चार माणसांशेजारी बसतात.

आठवड्यातला एक वार ठरवावा आणि पाऊस असो की लग्नसराई, तो मोडू नये. भजन असो, लेझीम असो वा फुगडी, दर दहा-पंधरा मिनिटांनी जोडी किंवा शेजारी बदलावा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी कोणाशेजारी बसवायचे हे आधीच एकावर सोपवावे. बसून राहण्याची मुभा द्यावी, पण तीन वेळा बसून राहिलेल्याकडे चौथ्या वेळी कोणीतरी जावे. आणि जो आला नाही त्याला दुसऱ्या दिवशी फोन करावा. याला खर्च शून्य.

सुरू करण्यापूर्वी

नाच किंवा तशा स्वरूपाचा व्यायाम उतारवयात सुरू करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा वारंवार चक्कर येण्याचा त्रास असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखणे, घेरी किंवा फार धाप लागली तर लगेच थांबून डॉक्टरांना गाठावे. मधुमेही व्यक्तींनी उपाशीपोटी जाऊ नये, खिशात खडीसाखर ठेवावी आणि घरी आल्यावर तळपाय तपासावेत. पादत्राण मापाचे, मागे पट्टा असलेले असावे. ओल्या किंवा गुळगुळीत फरशीवर नाचू नये. गुडघे दुखत असतील तर पाय जमिनीवर ठेवून झटक्याने वळू नये, पाऊल उचलून वळावे. कंपवाताच्या रुग्णांनी गोळीचा असर असेल अशा वेळेस वर्ग निवडावा आणि सुरुवातीचे दिवस सोबत धडधाकट माणूस असावा.

पहिल्या दिवशी काहीच जमले नाही तरी काळजी नसावी. मिलोंगाची शेवटची धून बहुधा ‘ला कुंपार्सिता’ असते. ती वाजू लागली की रात्र संपली हे सर्वांना कळते आणि लोक शेवटच्या नाचासाठी उठतात. त्या वेळी मैदानावर असलेल्यांपैकी प्रत्येकजण कधी ना कधी पहिल्या दिवशी खुर्चीत बसून राहिलेला असतो. आपल्या गल्लीत, आपल्या संघात, आपल्या देवळाच्या सभामंडपात अशी एखादी खुर्ची कोणाची आहे, ते या आठवड्यात पाहावे. तिच्यावरच्या माणसाकडे पाहून मान हलवायला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.